रोलरचा सोमवार

अठरा एप्रिल, सोमवार. नव्या धावपट्टीच्या पूर्व टोकाची दबाई तपासायची होती. पण दबाई झालेलीच नव्हती. रोलर बाभळीखाली उभा. चाकावर भस्माची तीन बोटं ओढलेली, पुढ्यात कडब्याची पेंढी.

"अप्पा, हे काय?"

"सोमवार हाय बाई. नंदीला जू लावत न्हाईत."

"हा नंदी डिझेल पितो."

"म्हणून कडबा नुसता दाखवलाय. सांजच्याला म्हशीला घालतो."

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कलेक्टर आले, पाट्या बदलल्या, विमानतळही मंजूर झाला. पाऊस तेवढा कुणाच्या मंजुरीत बसेना. ठेका मिळेपर्यंत आमच्या कचेरीत मुक्काम ठोकणारा ठेकेदार ठेका मिळताच गायब झाला, आणि सरकारी इंजिनिअर म्हणून माझ्या वाट्याला त्याचे मुकादम मन्मथअप्पा आले. जमीन गेलेल्यांपैकीच एक. तोंडात कायम एकच वाक्य: "व्हतंय की, घाई कशाला?"

बाकी दिवस अप्पा मजुरांना श्वास घेऊ देत नसत. पण धावपट्टीबाहेरच्या कडेचा एक तुकडा काही केल्या उरकत नव्हता. कधी रोलरचा पट्टा सापडेना, कधी डिझेलमध्ये कचरा. मी अप्पांवर नजर ठेवली. एकदा ते औशाच्या बाजाराला गेलेले पाहून ड्रायव्हरला रोलर तिकडं घ्यायला लावला. त्या तुकड्याशी येऊन तो बंद पडला. मागं घ्यायचा म्हटलं की सुरू, पुढं नेला की बंद. ड्रायव्हर उतरला आणि चपला हातात घेऊन चालू लागला. मजूर म्हणत, तिथली माती ओली असते. मी हात लावून पाहिला. गाव पाण्यावाचून तडफडत होतं, आणि माती ओली होती.

"उद्या दुसरा रोलर येतोय," त्या सोमवारी मी बजावलं. "मी स्वतः उभी राहून फिरवून घेणार."

अप्पा 'व्हतंय की' म्हणाले नाहीत.

दिवस मावळता सगळे गेले. वारा पडला होता. मी मोजणीचा टेप गुंडाळत असताना त्या तुकड्याकडून अप्पांचा आवाज आला.

"म्हशीला कडबा घातला." मग थोडं थांबून, कुणी काही विचारल्यासारखे ते हसले. "हाव, बाई मनानं बऱ्या हायत. ऐकत न्हाईत, येवढंच."

मी टेप खाली ठेवला. तिकडं गेले. अप्पा एकटेच मातीत बसून तांब्यातलं पाणी ओतत होते.

"कुणाशी बोलताय?"

"आमच्या घरची." त्यांनी जमिनीवर हात ठेवला.

त्यांच्यात माणूस गेलं की पुरतात, तेही आपल्याच शेतात. वरची समाधी सपाटीकरणात गेली होती.

"जमीन देताना सांगायचं नाही?"

"सही करताना वाटलं, हितं कुठलं विमान येतंय! काम बुडंल, शेत परत मिळंल. आता कुठल्या तोंडानं सांगू?" त्यांनी रिकामा तांब्या बाजूला ठेवला. "तिला गाडीचा आवाज सोसत न्हाई बाई. यष्टीत बी पदरानं कान झाकून बसायची."

मी टेप उचलला आणि घरी आले.

वाऱ्याची दिशा दाखवायला विमानतळावर खांबावर एक कापडी मोजा टांगतात, आणि भोवती पांढरं वर्तुळ आखून ती जागा मोकळी सोडतात. त्याची जागा ठरवणं नकाशात माझ्यावर सोडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुन्याची पाटी घेतली आणि त्या ओल्या मातीभोवती मोठं वर्तुळ आखलं. खांबाची खूण केली ती एका बाजूला, ओल संपते तिथं.

नवा ड्रायव्हर रोलर घेऊन आला. "आत फिरवायचा न्हाई?"

"नाही," मी म्हणाले. "आणि इथून जाताना हळू चालव."