उणे चारची हवा

रविवारी सकाळी मी ऑफिसातलं, गाड्यांचा धूर तपासणारं गॅस अ‍ॅनालायझर घरी आणलं, तेव्हा माझा हेतू अगदी निर्मळ होता. बारा वर्षं मी वाहन तपासणी केंद्रात दाखल्यांवर शिक्के मारतोय. सोमवारी साहेब माझी परीक्षा घेणार होते. पास झालो तर शिक्का सुटणार आणि मशीनवर बसायला मिळणार. (चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचण्याचा सराव आरशासमोर आधीच झाला होता.)

परीक्षेत मशीन समजावून सांगावं लागतं. म्हणून बायकोला आणि आईला समोर बसवलं, मशीनच्या नळीच्या टोकाची, हवा आत ओढणारी दांडी माइकसारखी हातात धरली आणि सुरू झालो.

"आत एका टोकाला दिवा आहे. त्याचा उजेड आपल्याला दिसत नाही. दुसऱ्या टोकाला तो उजेड टिपणारा सेन्सर. मधून गॅस जातो आणि थोडा उजेड खाऊन टाकतो."

"म्हणजे सेन्सरला कमी मिळतो," बायको म्हणाली.

"करेक्ट! त्या सेन्सरची वीज अगदीच किरकोळ, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर ती वाढवतो आणि चिप तिचा आकडा करते. पण आधी स्वच्छ हवा द्यायची आणि शून्याचं बटण दाबायचं."

ते मी दाबलंच. मशीनला अर्धं मिनिट लागतं, तेवढ्यात मी अ‍ॅम्प्लिफायरवर आणखी थोडं बोलून घेतलं.

मग दांडी खिडकीबाहेर धरली. कार्बन डायऑक्साइड: उणे चार टक्के! स्वयंपाकघरात उणे चार, कपाटातही उणे चार. मी घाबरून झाकण उघडलं, वायरी हलवून पाहिल्या, दिव्यावर फुंकर मारली. चार स्क्रू काढले होते, लावताना पाच झाले. आकडा तिथेच. बारा वर्षांनी संधी आली आणि मशीन मीच मोडलं! मला अक्षरशः रडू यायला लागलं.

"बघू रे, काय झालंय त्याला?" आईने दांडी तोंडाजवळ घेऊन विचारलं. आकडा हलला आणि शून्यावर येऊन थांबला.

"आई, तुझ्या श्वासात काहीच नाही!"

"जिवंत आहे रे मी अजून!"

बायको मात्र शांतपणे आकड्याकडे बघत होती. "अहो, वजनकाट्यावर पातेलं ठेवून शून्य केलं आणि मग पातेलं उचललं, तर काटा काय दाखवतो?"

"उणे."

"मघाशी बटण दाबताना ही दांडी कुठे होती?"

"हातात."

"आणि हात?"

हात तोंडासमोर होता. माझ्या उच्छ्वासालाच मशीन स्वच्छ हवा समजून बसलं होतं! दांडी खिडकीबाहेर धरून, गप्प बसून पुन्हा बटण दाबलं. घरातले सगळे उणे चार गेले. मी आनंदाने बायकोसमोर हात जोडले.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "शून्य करण्याआधी काय करायचं?"

"दांडी मोकळ्या हवेत धरायची आणि तोंड बंद ठेवायचं."

"तोंड का?"

मग सगळं सांगावं लागलं. साहेब पोट धरून हसले आणि मला पास केलं. आता मी मशीनवर बसतो. माझ्या डोक्यावर साहेबांनी पाटी लावली आहे: 'शून्य करताना बोलू नये.'

परवा बायको स्कूटर तपासून घ्यायला आली. पाटी वाचून साहेबांना म्हणाली, "याची एक कॉपी घरासाठी मिळेल का?"

साहेबांनी लगेच कॉपी काढून दिली, वर माझाच जुना शिक्का मारून.