समान शोकाचा ठराव

मृत्यूपुढे सगळे सारखे असतात. फरक पडतो तो शोकसभेतल्या खुर्च्यांच्या संख्येत. पांढुर्ण्याच्या शोकसभा समितीचे अध्यक्ष रघुनाथराव (निवृत्त मुख्याध्यापक, कंठ हवा तेव्हा दाटून आणण्यात निष्णात) हे जाणून होते.

त्या आठवड्यात दोघे गेले. मुंबईत एक नामवंत नट, आणि इथल्या बाजारातल्या दवाखान्याचा कंपाउंडर सुखदेव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायच्या गोटमारीत पांढुर्ण्याची आणि पलीकडच्या सावरगावची, दोन्हीकडची फुटलेली डोकी सुखदेवच शिवायचा. समितीच्या अंदाजानं गावातल्या दर तिसऱ्या डोक्यावर त्याचे टाके आहेत (उरलेल्या दोघांनी दगड मारले असावेत). खुद्द अध्यक्षांच्या भुवईवरही आहेत.

सुखदेवची बायको शकुबाई शोकसभेसाठी समितीकडे हॉल मागायला आली, तोवर रविवार नटाला देऊन झाला होता.

"गुरुजी, आमच्या यायच्यासाठी बी दोन शब्द बोलान का जी?"

"वहिनी, सुखदेव तं घरचा माणूस. घरच्या माणसाची काय सभा घ्यायची?"

शकुबाई उठेचना. तेव्हा समितीनं ठराव केला: एकाच सभेत दोघांना समान शोक.

अडचण वक्त्यांची होती. नटाला कोणीच भेटलेलं नव्हतं, त्यामुळे बोलायला सगळेच मोकळे. सुखदेवबद्दल बोलायचं, तर आधी आपलं डोकं कसं फुटलं आणि मग आपण त्याला पाहायला का गेलो नाही, हे सांगावं लागे. शिवाय तो टाके काढायला घरी यायचा आणि चहा पिऊन जायचा. आपल्या ओसरीवर बशीत फुंकर मारणाऱ्या माणसासाठी गहिवर येणं शास्त्रीयदृष्ट्या कठीण असतं.

रविवारी हॉल गच्च भरला. शेजारच्या सौसरहूनही मंडळी आली. नट व्यायाम करता करता कसा कोसळला, हातात कोणत्या रंगाची बाटली होती, हे केतन मोबाइलवाल्यानं डोळे पुसत सविस्तर सांगितलं. मौनाचं पहिलं मिनिट नटाचं, दुसरं सुखदेवचं. दुसऱ्यात लोक चपला शोधायला लागले.

रघुनाथराव उठले. नटासाठी मघाशी वेळेवर दाटलेला कंठ आता कोरडा पडला. "सुखदेव चांगला माणूस होता," एवढं म्हणून ते बसले. (मागणी दोन शब्दांची होती, दुप्पट पुरवठा झाला.)

मग माइक शकुबाईकडे गेला. हार घातलेल्या दोन फोटोंपैकी तिनं आधी सुखदेवच्या फोटोकडे पाहिलं.

"यायनं तं माझं कधी ऐकलंच नाही," ती म्हणाली. "पण तो हिरो, बिचारा... केस किती दाट होते जी त्याचे." आणि तिला रडू कोसळलं. सारा हॉल रडला. सुखदेवला साश्रू नयनांनी निरोप देण्यात आल्याची नोंद अध्यक्षांनी त्याच दिवशी केली, आणि ती खोटी म्हणता येत नाही.

वाचकांनी पांढुर्णेकरांना हसायची घाई करू नये. तो नट नेमका कोण, हा प्रश्न तुम्हाला मघाच पडलाय. सुखदेव कशानं गेला, हे तुम्ही अजून विचारलेलं नाही.