कावळघाटाच्या मार्गास बारा वर्षांची नेमणूक जाहाली त्याची हकिकत

श्री. वाटेच्या कडेस शेंदूर लेवून बसलेल्या सर्व थोरल्या धाकट्या दैवतांस दंडवत असो. आपण विचारिले की, कावळघाटाचा मार्ग पूर्वी कैसा होता आणि आता ऐसा कोणे प्रकारे जाहाला, तरी जे डोळां पाहिले आणि पाहाणारांचे तोंडून ऐकिले ते लिहितो. शके सोळाशे एकाहत्तर, शुक्ल नाम संवत्सर, ते समयी राज्यावर श्रीमंत राणीसाहेब होत्या. दिवाणगिरी गिरमाजीपंतांकडे आणि मार्गांची मामलत सुभानजी नाईक यांजकडे होती. राजधानी घाटावर आणि बंदर घाटाखाली. मीठ आणि सुकी मासळी खालून वर येई आणि धान्य वरून खाली जाई, आणि हे सर्व एका कावळघाटानेच. शिरस्ता ऐसा होता की, भाद्रपदात पाऊस ओसरला म्हणजे दरबारातून सुभानजीस दुरुस्तीची थैली मिळावी, आणि दसऱ्यास राणीसाहेबांची स्वारी सीमोल्लंघनास त्या मार्गाने निघे तोवर ती खर्च व्हावी. मग सुभानजी खळग्यांत मुरूम भरवीत, वर पाणी शिंपवून धुम्मस करवीत, कडेच्या दगडांस चुना लाववीत, आणि स्वारी गेली की मार्गाची वास्तपुस्त कोणी करीत नसे. पुढील आषाढात मुरूम वाहून जाई, आणि भाद्रपदात पुन्हा थैली येई. ऐसी अकरा वर्षे गेली.

घाटाचे काम वडार मंडळी करीत, आणि त्यांत दुर्गव्वा म्हणोन एक बाई मुकादमीण होती. तिचा नवरा येंकाप्पा मोठा कसबी पाथरवट. ती दरसाल सुभानजीस सांगे, "नाईक, आधी पानी काढा. वरच्या अंगानं चर खना, मोऱ्या बांधा, मंग खडी टाका. न्हाईतर ह्यो मुरूम आखाडात बंदरावर जाऊन बसंल." आणि सुभानजी दरसाल उत्तर करीत, "बाई, दसऱ्यास वीस दिवस राहिले. चर खणून स्वारीस काय दाखवू?" अकरावे वर्षी दसरा पार पडला, आणि चार दिवसांनी अवकाळी पाऊस जाहाला. मिठाचा तांडा घाट चढत होता, आणि वळणावरची नवी भरलेली कड बैलांच्या पायांखालून सुटली. येंकाप्पा तेथेच काम करीत होता, तो एका बैलाची वेसण धरावयास धावला आणि बैलासुद्धां खाली गेला. तीन बैल ठार जाहाले. येंकाप्पा वाचला, परंतु उजवा पाय चिरडला, तो वैद्यांनी गुडघ्यापासून काढिला. सुभानजी वडारवाडीत गेले आणि पालाबाहेर मातीवर बसले. दुर्गव्वा रडली नाही आणि शिवीगाळही केली नाही. इतकेच बोलली, "ती कड मीच भरली व्हती, नाईक. तुमी सांगितली तशी." सुभानजी उठले ते घोड्यावर न बसता पायी घाट उतरून पाहिला, आणि पाणी कोठून येते, कोठे मुरते, तेथे स्वतां खुणा करून ठेविल्या.

पुढील भाद्रपदात दरबार भरला. शिरस्त्याप्रमाणे थैली तबकात घालून पुढे आणिली, आणि सुभानजींनी हात पुढे केला नाही. म्हणाले, "सरकार, हे द्रव्य सेवकास नको." दरबार चकित जाहाला. गिरमाजीपंत म्हणाले, "नाईक, कमी वाटले काय?" सुभानजी म्हणाले, "कमी नाही. एका पावसात वाहून जाण्यास तर फारच आहे." राणीसाहेबांनी विचारिले, "मार्गास जाहाले काय? आमची पालखी दरसाल जाते, आम्हांस तो नेहमी उत्तमच दिसला." तेव्हां सुभानजींनी शिरपेच उतरून गालिच्यावर ठेविला आणि म्हणाले, "सरकारास दिसावा म्हणोनच तो केला होता. अकरा वर्षे तेच केले, आणि एका माणसाचा पाय गेला. अपराध सेवकाचा. मामलत काढून घ्यावी, शिक्षा द्यावी, पण तैसा मार्ग माझ्या हातून पुन्हा करवू नये." मग राणीसाहेब म्हणाल्या, "मार्ग नीट होण्यास काय लागेल ते सांगा." सुभानजींनी अर्ज केला की, घाटावरील जकातीचा सहावा हिस्सा बारा वर्षे मार्गांसाठीच वेगळा राहावा, निम्मा राजमार्गास आणि निम्मा गाववाटांस, आणि त्यास दुसऱ्या कामी कोणी हात लावू नये. गिरमाजीपंत म्हणाले, "राजमार्ग सरकारचा, तेथपर्यंत ठीक. गाववाटा गावांनी कराव्या. आणि उद्या गनीम आला तर फौजेस काय द्यावे?" सुभानजींनी दुर्गव्वेस बरोबर आणिले होते, ती दाराशी उभी होती. राणीसाहेबांची नजर तिजकडे गेली आणि त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही हातांनी काम करणार. तुमचे म्हणणे काय?" दुर्गव्वा पदर सावरून म्हणाली, "आईसाहेब, दाणा शेतातनं निघतो, त्यो गाववाटंनंच थोरल्या रस्त्याला लागतुया. आन फौज तरी काय उडत जानार हाय व्हय?" दरबारात हशा जाहाला, आणि प्रथम हसले ते गिरमाजीपंतच. राणीसाहेबांनी शिरपेच उचलावयास सांगितला आणि म्हणाल्या, "आपला दोष आपण होऊन सांगेल ऐसा मनुष्य काढून दुसरा कोठे शोधू? मामलत तुम्हांकडेच. सनद लिहा." सनद जाहाली, आणि येंकाप्पास खडीच्या मापावर देखरेखीची कायम नेमणूक जाहाली.

पहिली दोन वर्षे चर आणि मोऱ्याच होत होत्या. वर पाहावे तो मार्ग पूर्वीहून वाईट दिसे. दसऱ्यास पालखी हिंदकळू लागली, भोई कुरकुरले, आणि लोक म्हणो लागले की नाईकाने जकात बुडविली. राणीसाहेबांनी पडदा सारून भोयांस सांगितले, "हळू चला. आम्हांस घाई नाही." तिसऱ्या वर्षी पाऊस दांडगा जाहाला आणि मार्गाचा एक दगड हलला नाही. चौथ्या वर्षी सीमेवर गनीम आल्याची खबर आली आणि सरदार म्हणाले, मार्गाचे द्रव्य फौजेस द्यावे. तेव्हां गिरमाजीपंतांनी स्वतां सनद आणून दरबारात मोठ्याने वाचिली आणि म्हणाले, "मी विरोध केला होता हे सर्वांस ठाऊक. पण खालचा शिक्का माझ्या हातचा आहे." द्रव्य राहिले. तोफा पूर्वी आठ दिवसांत घाट चढत, त्या दोन दिवसांत चढल्या, आणि गनीम वाटाघाटीस आला. मग गाववाटांचे काम चालले, आणि जेथे सुईण पावसाळ्यात पोहोचत नसे त्या पाड्यांवरही बैलगाडी जाऊ लागली.

बारावे वर्षी सुभानजी मामलतीवरून निवृत्त होणार, म्हणोन त्यांनी दुर्गव्वेस आणि येंकाप्पास गाडीत बसवून घाट दाखवावयास नेले. दुर्गव्वेने तो घाट उभ्या जन्मात पायीच चढला उतरला होता. दोन प्रहरची वेळ, गाडी पहिल्या वळणास लागली, आणि सुभानजी एकेक मोरी दाखवो लागले तो बाई बसल्या जागी झोपी गेली. सुभानजी म्हणाले, "उठवू काय? हिचेच काम हिने पाहिले पाहिजे." येंकाप्पा म्हणाला, "निजू द्या, नाईक. चाळीस वरसांत ह्या घाटात तिला डोळा लागला न्हवता." मग सुभानजींनी गाडीवानास बैल हळू हाकावयास सांगितले, आणि गाडी बंदरास पोहोचली तरी बाई घोरतच होती.

एवं, मार्गाची हकिकत इतुकी. पुढे गावांनीच एकत्र होऊन सनद आणखी बारा वर्षे वाढवून मागितली आणि ती मिळाली. मार्ग वाईट असतो तोवर माणूस पावलोपावली त्याचे नाव काढतो. चांगला जाहाला म्हणजे त्याची आठवणही होत नाही, आणि करणारांचीही होत नाही. हे लिहिणार परवाच त्या मार्गाने लेकीस भेटून आला, आणि घरी पोहोचेपर्यंत लेकीवाचून दुसरे काही त्याच्या मनात आले नाही. म्हणोन बसून, ज्यांचे उपकार, त्यांची नावे लिहून ठेविली.