कातळ लागेपर्यंत

खानविलकर आमच्या घरी प्रथम आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही. बैठकीच्या भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "गिलावा सुटलाय. आत पोकळ आहे." पुढच्या पावसाळ्यात तो गिलावा पडला. तेव्हापासून मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर आमची दारे समोरासमोर आहेत. त्यांची नोकरी माती-परीक्षणाची. इमारत उभी राहण्यापूर्वी जमिनीत बोअर घ्यायचा, प्रत्येक थराला काय निघाले ते तक्त्यात लिहायचे, आणि कातळ लागला की थांबायचे. हे शहर खाडीच्या चिखलावर उभे राहत असताना त्यांनी तेवढेच केले. निवृत्तीनंतर जमीन सुटली. टकटक सुटली नाही. पत्नी निवर्तल्यापासून ते एकटे असतात. त्याविषयी ते बोलत नाहीत आणि मी विचारत नाही.

एपीएमसी मार्केटमध्ये एकदा आम्ही कलिंगड घ्यायला गेलो. खानविलकरांनी चौदा कलिंगडे ठोकून पाहिली आणि चौदाही नापास केली.

"काका," विक्रेता म्हणाला, "कलिंगड खायचंय का त्याच्यावर पूल बांधायचाय?"

"दोन्हीला आत काय आहे ते महत्त्वाचं," खानविलकर शांतपणे म्हणाले. आम्ही केळी घेऊन परतलो.

अशा माणसाला निबंधस्पर्धेचा परीक्षक नेमण्याची कल्पना सोसायटीचे सेक्रेटरी गावडे यांची. आसपासच्या शाळांतील मुलांसाठी ही स्पर्धा सोसायटी दरवर्षी घेते. दुसरा परीक्षक मी. मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. अक्षरांच्या खाली काय आहे हे पाहणे माझ्या कामात बसत नसे. त्यामुळे कामाची वाटणी आपोआप झाली: वरचे माझ्याकडे, खालचे त्यांच्याकडे.

ते गुण देत नसत. प्रत्येक निबंधाला बोअरचा तक्ता जोडत. 'माझी आई' या निबंधावरचा त्यांचा शेरा मला पाठ आहे: "ओळ १ ते ६ : भराव. ओळ ७ ते १५ : दुसऱ्याच्या खाणीतून आणलेली खडी. ओळ १६ : ओलावा आढळला, परंतु लेखकाने तो घाईने बुजवला. कातळ : नाही."

त्या लेखकाचे वडील तावातावाने वर आले. "माझ्या मुलाला क्लासच्या मॅडमनी दहापैकी दहा दिलेत. आणि तुम्ही भराव म्हणता?"

"आई थोर असते, हा भरावच," खानविलकर म्हणाले. "सोळाव्या ओळीत तो लिहितो, आई जेवताना उभी असते. का उभी असते? तिथे खणायला सांगा त्याला."

जाताना वडिलांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

पहिल्या बक्षिसाचे दोन नियम खानविलकरांनीच केले होते. कातळ लागल्याशिवाय ते द्यायचे नाही. आणि दिले, तर तो निबंध सभागृहात सर्वांसमोर मुलानेच वाचायचा. परिणामी सलग तीन वर्षे दुसरे बक्षीस दिले गेले आणि पहिल्याचा कप ऑफिसच्या कपाटात राहिला.

"काका, टेन्शन झालंय," यंदा गावडे मला म्हणाले. "लोक विचारतात, कप विकला का? खानविलकरकाकांना सांगा ना, थोडं वरवरचं चालवून घ्या."

मी निरोप पोचवला. खानविलकरांनी माझ्या टेबलावर टकटक केली आणि मान हलवली. टेबल प्लायवुडचे आहे.

यंदाचा विषय त्यांचाच होता: 'वरून दिसत नाही ते'. साठ निबंध आले. बहुतेकांत समुद्राच्या तळाशी मोती होते. दोन दिवस आम्ही चिखल उपसत होतो.

तिसऱ्या दुपारी शेजारच्या बोनकोडे गावातल्या भाविकाचा निबंध हाती आला. मुलगी सातवीतली. तिची आई डबे करते. खानविलकरांचा डबा भाविकाच आणून देते. शीर्षक होते 'आमचे टकटक आजोबा'. मी पहिले पान पाहिले आणि कागद बाजूला ठेवला. "शुद्धलेखनाच्या नऊ चुका आहेत. शिवाय परीक्षकावरच लिहिले आहे. हा बाद करू."

खानविलकरांनी तो उचलला. पहिल्या पानावर ते एकदा हसले. दुसरे पान त्यांनी वाचले, आणि पुन्हा वाचले. मग तक्ता भरण्यास त्यांना नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

"कर्णिक, कातळ लागला."

मी दुसरे पान वाचले. "खानविलकर, हे सभागृहात वाचले जाईल. सगळ्यांसमोर."

"नियम माझाच आहे."

"बाद करण्यास कारण आहे. चुका नऊ आहेत."

"त्या वरच्या आहेत," ते म्हणाले.

रविवारी सकाळी सभागृह भरले. खानविलकर पहिल्या रांगेत बसले. भाविका मोठ्याने, एका दमात वाचू लागली.

"आजोबा माझ्या डब्यावर टकटक करतात आणि न उघडता सांगतात, आज आमटी कमी आहे. मी आईला सांगितले, तर आई बोलली, त्या म्हाताऱ्याला हाय तरी काय दुसरा काम!"

सभागृह हसले. खानविलकरही हसले. भाविकाने पान उलटले.

"आजोबा कशावरही टकटक केली की लगेच सांगतात, पोकळ आहे की भरीव. पण स्वतःच्या दारावर टकटक केली की काहीच सांगत नाहीत. नुसते थांबतात. मग खिशातून चावी काढतात. मी विचारले, आत कोण आहे? ते बोलले, तुझी आजी दचकायची. वाजवल्याशिवाय आत येऊ नका, सांगायची. मी बोलले, पण आजी तर वारल्या. आजोबा बोलले, हो. आता मी डबा घेऊन लवकर आले तर जिन्यात उभी राहते. त्यांचे थांबून झाले की मग वर जाते."

निबंध एवढाच होता. टाळ्या उशिराने आल्या. अकरा वर्षे ती टकटक मी माझ्या दारामागून रोज ऐकत होतो. दाराला वाळवी लागली आहे काय, हे ते पाहतात अशी माझी समजूत होती.

कप खानविलकरांनीच दिला. देण्यापूर्वी त्यावर टकटक केली.

"आजोबा, पोकळ आहे ना?" भाविकाने विचारले.

"कप पोकळच असावा," ते म्हणाले. "नाहीतर त्यात काय ठेवशील?"

मी कार्यक्रम संपण्याआधीच उठलो. घरी येऊन दोन कप चहाचे आधण ठेवले. थोड्या वेळाने जिन्यात पावले वाजली. समोरच्या दारावर दोनदा टकटक झाली. मग नेहमीची शांतता.

मी माझे दार उघडले. खानविलकर पाठमोरे उभे होते. चावी अजून खिशातच होती.

"चहा टाकला आहे," मी म्हणालो.

ते वळले. माझ्या उंबऱ्यापर्यंत आले. दार सताड उघडे होते, मी समोर उभा होतो. तरीही त्यांनी दारावर दोनदा टकटक केली, आणि थांबले.

"या," मी म्हणालो.