व्हर्नाबाईंचा कोरा केक

"तीस वर्षांत केकवर एक अक्षर चुकलं नाही माझं!" असं व्हर्नाबाईंनी सकाळपासून तिघांना ऐकवलं होतं. शाळा सहावीत सुटली, पण पोराला पायांचा डॉक्टर केलं, आणि आता तो त्या डॉक्टरांच्या संघाचा अध्यक्ष! चेष्टा आहे?

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या चर्चच्या तळघरात आज संघाचं नाव बदलायचं होतं. 'पाऊलवैद्य' म्हटलं की लोक नखं कापून घ्यायला पाय पुढे करतात, म्हणून बाईंच्या पोराने, डेलने, तीन वर्षं खपून नवं नाव आणलं होतं, 'पाऊल व घोटा शल्यवैद्य संघ'. अध्यक्षपदाचा त्याचा आज शेवटचा दिवस. आज झालं तर झालं, नाहीतर पोराची मेहनत पाण्यात! बाईंनी तर सभेला लागून असलेल्या स्वयंपाकघरात ते नाव निळ्या क्रीमने केकवर लिहूनही टाकलं.

इतक्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून सभेतला आवाज आला, "दुरुस्ती! घोटा वर असतो, तो आधी लिहा!"

हे म्हातारे डॉक्टर हालव्हर्सन, बाईंच्या नवऱ्याचे दोस्त. दुरुस्ती मंजूर! बाईंनी नाव खरवडलं, पुन्हा लिहिलं.

"दुरुस्तीला दुरुस्ती!" हे लिंडक्विस्ट, दुसरे म्हातारे. "आम्ही ऑपरेशन करत नाही, मग 'शल्य' कशाला?"

पुन्हा खरवड! चौथ्या वेळेला क्रीम नोव्हेंबरातल्या गावच्या सरोवरासारखं राखाडी झालं. हे दोघे संध्याकाळपर्यंत पोराची वाट लावणार! बाईंनी दार किलकिलं केलं.

"हालव्हर्सन भावजी! कॉफी ताजी आहे. केकच्या कडा कापल्यात."

"वहिनी, पण मतदान..."

"मतदान कुठे पळून चाललंय? लिंडक्विस्ट भावजींनाही आणा!"

दोघे आले आणि कडांवर तुटून पडले. तिकडे सभेत कशी शांतता झाली! कोणाची दुरुस्ती नाही, कोणाचा खोकलासुद्धा नाही. डेलने दुरुस्त्या बाजूला सारून मूळचं नाव मतदानाला टाकलं. सगळे हात वर! बाईंनी उरलंसुरलं राखाडी क्रीम पुसून निळ्याची नवी नळी हातात घेतली.

तेवढ्यात चिटणीस बाईंचा करकरीत आवाज, "मतं मोजण्याआधी हजेरी मोजते. नियमाने तीस डोकी हवीत. सकाळी एकतीस होती. आता... एकोणतीस!"

व्हर्नाबाईंच्या हातातून नळी पडली.

"उठा, उठा भावजी! सभेत चला!"

"थांब गं वहिनी, काठी सापडू दे," लिंडक्विस्ट टेबलाखाली वाकले.

"आणि एवढी घाई कशाला?" हालव्हर्सन तोंडभर केक घेऊन म्हणाले. "आम्ही बाजूनेच मत देणार होतो. डेल आपलाच पोरगा!"

तिकडे सभेत डेलचा हातोडा आपटला. सभा संपली! विषय पुढच्या वर्षी, पुढच्या अध्यक्षाकडे.

डेल पडलेल्या चेहऱ्याने स्वयंपाकघरात आला. त्याने दोघा म्हाताऱ्यांकडे पाहिलं. "आई, हे इथे कसे?"

"भूक लागली असेल रे बिचाऱ्यांना," व्हर्नाबाई निळी बोटं एप्रनमध्ये लपवत म्हणाल्या.

मग त्याने केककडे पाहिलं. वर नाव नव्हतं, गाव नव्हतं. नुसता खरवडलेला, कोरा.

"बघ," बाई हळूच म्हणाल्या, "आजही एक अक्षर चुकलेलं नाही."