पोट बेपत्ता होत नाही तेव्हा

माझी नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी... बुद्धीला साजेशी उपमा अजून सापडलेली नाही, शोध चालू आहे. माझे नाव ऐकताच गुन्हेगार चळाचळा कापतात, असे मी दारावरच्या पाटीवर रंगवून घेतले आहे. माझा मदतनीस म्हणजे माझा मेहुणा. त्याच्या बहिणीने, म्हणजे माझ्या बायकोने, गळ घातली म्हणून तो माझ्याकडे काम करतो आणि दिवसभर जांभया देतो.

त्या सकाळी एक गृहस्थ आले. म्हणजे आधी पोट आले, मागून ते आले.

"तुम्ही कपडे धुण्याच्या कारखान्यात काम करता," मी डोळे मिटून म्हणालो, "आणि तुमचं काहीतरी चोरीला गेलंय."

"भावोजी, कारखान्याचं नाव त्यांच्या खिशावर शिवलंय," मेहुणा म्हणाला.

"आणि चोरी झालेली नाही," गृहस्थ म्हणाले. "तेच तर दुखणं आहे, साहेब. जायला हवं तेच जात नाहीये." त्यांनी पोटावर हात ठेवला.

ते कारखान्याचे बॉयलरवाले होते. दरवर्षी बॉयलर थंड करायचा, त्याच्या अरुंद तोंडातून आत उतरायचे आणि भिंती खरवडायच्या, तेही सरकारी तपासनिसासमोर, असा त्यांच्याकडचा रिवाज. यंदा ते कमरेशी अडकले. तपासनिसाने उन्हाळा संपेपर्यंत मुदत दिली होती. तेव्हाही अडकले, तर बॉयलर दुसऱ्याच्या हाती जाणार आणि यांच्या वाट्याला चादरींच्या घड्या येणार.

"जन्म गेला त्या बॉयलरपाशी. नुसत्या आवाजावरून सांगतो त्याला काय होतंय ते. आता मी घड्या घालू?" त्यांनी रुमालात नाक शिंकरले. मीही शिंकरले असते, पण गुप्तहेराला ते शोभत नाही.

व्यायामात त्यांची कसूर नव्हती. रोज सकाळी ते व्यायामशाळेत दोरीवरच्या उड्या आणि बैठका मारून घामाघूम होत. तिथल्या प्रशिक्षकाने सांगितले होते, की व्यायामाने मेटाबॉलिझम वाढतो, म्हणजे पोटातली भट्टी पेटते, आणि मग बसल्या जागीही चरबी जळत राहते. तरी पोट वाढतच होते.

मी पहिला सिद्धान्त मांडला. मोजायची टेप कापडी, कारखान्यात वाफ, सबब टेप आटली. मेहुण्याने लोखंडी टेप लावून पाहिली. पोट तेवढेच भरले.

मग माझा संशय प्रशिक्षकावर गेला. सगळ्यांची पोटे उतरली तर त्याची व्यायामशाळा ओस पडेल! खऱ्या मिशीवर खोटी मिशी चढवून मी तिथे दाखल झालो. त्याने मला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या. शुद्धीवर आलो तेव्हा तो माझ्या तोंडावर पाणी मारत होता आणि खोटी मिशी मेहुण्याच्या हातात होती. इतका मायाळू माणूस गुन्हेगार असणे शक्य नाही, असे मी नाइलाजाने ठरवले. बॉयलरचे तोंड कोणीतरी गुपचूप लहान करत असावे, ही माझी पुढची शंका मेहुण्याने ऐकूनही घेतली नाही.

उरली पाळत. मी बॉयलरच्या खोलीत स्टूल टाकून बसलो. भट्टीत कोळसा घातला, की बॉयलरवाले कोपऱ्यातली पिशवी उघडत. लोणी फासलेला पाव, उकडलेली अंडी, केळी, शेंगदाणे. मलाही देत. त्यांना परके वाटू नये म्हणून मी खात असे. बरेच दिवस डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली, पण संशयास्पद काहीच आढळले नाही.

शेवटी आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी नवऱ्याचा शर्ट धुवायला काढत होत्या.

"वहिनी, यांचं खाणं किती?" मी विचारले.

"कसलं खाणं! दोन वेळा चार घास." एवढे म्हणून त्यांनी शर्टाचा खिसा उलटा केला. शेंगदाण्यांची टरफले फरशीवर पसरली. "अहो, हे काय?"

"ते खाणं नाही गं, ते इंधन," बॉयलरवाले म्हणाले. "पेटलेली भट्टी उपाशी ठेवली तर विझणार नाही का?"

"आणि पोटावर एवढा साठा करून ठेवलाय, तो कधी जळायचा? वरून नवा कोळसा घालत राहिलात, तर जुन्याला हात कशाला लागेल?"

बॉयलरवाले मटकन खाली बसले. कोळशाचा हिशोब त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

"माझाही तपास त्याच दिशेने चालला होता," मी म्हणालो. मेहुण्याने जांभई अर्ध्यात थांबवून माझ्याकडे पाहिले.

पिशवी बंद झाली, व्यायाम चालू राहिला. उन्हाळ्याच्या शेवटी तपासनीस आला. बॉयलरवाल्यांनी हात वर केले, खांदा तिरका घातला आणि सुळकन आत उतरले. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला.

घटनास्थळ आतून पाहिल्याशिवाय मी कुठलाही तपास बंद करत नाही. मीही डोके घातले, खांदे घातले, पोट अडकले, आणि मग मला पुढेही जाता येईना, मागेही येता येईना.

"अहो, आता आतला माणूस बाहेर कसा येणार?" वहिनी ओरडल्या.

"नियमात आत जाणं एवढंच आहे," तपासनिसाचा आवाज आला. "ते गेले. पास!"

आतल्या अंधारात बॉयलरवाल्यांचे नाक माझ्या नाकाला लागले होते. "साहेब, बॉयलर माझाच राहिला!" असे म्हणत त्यांनी माझ्या गळ्याला मिठी मारली आणि ते ढसाढसा रडू लागले. बाहेरून मेहुणा माझे पाय ओढत होता आणि आतून ते काही केल्या सोडत नव्हते.