सॅम्सनअंकल कॉम्प्युटर उठवतात

सॅम्सनअंकल रोहेकर कॉम्प्युटरला गोधडीत गुंडाळून आणत. व्हॅनच्या पुढच्या सीटवर, स्वतःच्या शेजारी, पट्टा लावून. बेर्शेबा ते अराद हा रस्ता वाळवंटातून जातो. त्यावर उंटही अंकलना मागे टाकतात, अशी चेष्टा चाले. मी विचारलं तर म्हणाले, "अगो, वळणावर मळमळतं त्याला."

मी अरादला बालवाडी चालवत होते तेव्हाचं हे, नव्वद सालानंतरचं. आमच्या भागातल्या सगळ्या बालवाड्यांत मिळून कॉम्प्युटर एकच. आठवड्यातून एक सकाळ, बुधवारची, तो आमच्या वाट्याला येई. त्याला फिरवायचं काम अंकलचं. नाव सॅम्सन, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेची. भायखळ्याला रेडिओ दुरुस्त करत होते, इथे येऊन एका कारखान्यातून रिटायर झाले. मराठी मात्र बोटीत चढले त्या दिवशीचीच राहिली होती. माझे आईवडीलही तिकडचेच, म्हणून माझ्याशी मराठीत बोलत. मुलांशी हिब्रूत, पण त्या हिब्रूलाही कोकणी हेल.

मुलं चार-पाच वर्षांची. अंकल आले की गालिच्यावर त्यांच्याभोवती दाटीवाटीने बसत. अंकल गोधडी सोडत, वायर जोडत, बटण दाबत. डबा घुरघुरू लागे. पडदा काळाच.

"सावलानूत!" अंकल बोट वर करत. म्हणजे धीर धरा. "ओरडायचं नाही. दचकून उठला तर दिवसभर किरकिर करतो."

मग कुजबुजत ते सांगू लागत, त्याला आता काय स्वप्न पडतंय ते. कधी तो अलिबागच्या समुद्रात बोंबील झालेला असे, तर कधी मृत समुद्रावरून उडताना त्याची जीभ खारट झालेली असे. मुलंही भर घालत. नोगा नावाची एक मुलगी म्हणाली, "आज त्याला दात येतायत." अंकलनी गंभीरपणे डब्याला हात लावून पाहिला. "खरंच गो, अंग गरम आहे."

खिडकीतून पिवळं ऊन यायचं, त्यात धूळ तरंगायची. वीस मुलं श्वास रोखून एका काळ्या काचेकडे बघत बसायची. मलाही पेंग यायची. मग काळ्याचं करडं होई, करड्यात एक ठिपका दिसे, ठिपक्याचं बदक होई. "उजाडलं!" मुलं पुटपुटत. पुढे त्या बदकाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं चित्र काढायला मिळे. पण खरी मजा ती उजाडण्याचीच.

एका बुधवारी अंकलना ताप आला. दुसरा ड्रायव्हर कॉम्प्युटर घेऊन आला. त्याने बटण दाबलं, मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत बदक हजर! मुलं घाबरून मागे सरकली. "त्याने उठवलं नाही," नोगा रडवेली होऊन म्हणाली, "दचकवलं!"

पुढच्या बुधवारी मी अंकलच्या हातावर नजर ठेवली. पडद्याखाली उजेड कमी-जास्त करायची एक चकती होती. अंकल आधीच ती बंद करत, आणि गोष्ट सांगता सांगता अंगठ्याने केसाकेसाने फिरवत.

मुलं अंगणात गेल्यावर मी म्हटलं, "अंकल, मशीन केव्हाच उठलेलं असतं."

ते वायर गुंडाळत राहिले. कान लाल झाले होते.

"तेवढा वेळ पोरं अंगाला टेकून बसतात ना गो," ते शेवटी म्हणाले. "एकदा का बदक आलं, की सगळी त्याच्याकडे पळतात. बायको गेली तेव्हापासून घरात मी आणि फ्रिज, दोघेच आवाज करतो. नातवंडं फोनवर या आजोबाला म्हणतात, 'सबा, सगळं ठीक,' आणि फोन बापाच्या हातात. चुकलंच माझं. वर कळवायचं तर कळव."

मी कुणाला काही कळवलं नाही.

त्याच वर्षी प्रत्येक बालवाडीला आपापला कॉम्प्युटर मिळाला. व्हॅन बंद झाली. मी अंकलना फोन करून म्हटलं, "बुधवारी या, मुलं विचारतायत."

बुधवारी बसने आले. इस्त्रीचा शर्ट, हात मोकळे, त्यामुळे ते कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं. नव्या कॉम्प्युटरपाशी मुलांची झुंबड होती. दोघंतिघं 'शालोम' म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली. अंकल छोट्या खुर्चीवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसले. मला वाटलं, उगाच बोलावलं यांना.

थोड्या वेळाने नोगा आली. तिचा नंबर हुकला होता. ती अंकलच्या शेजारी गालिच्यावर बसली. तेही खाली उतरले. काय बोलत होते ते ऐकू आलं नाही. मी वळून पाहिलं तेव्हा ती त्यांच्या दंडावर डोकं टाकून गाढ झोपली होती.

"अंकल, दीडची बस," मी म्हटलं.

त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. बस गेली. त्यांच्या हाताला मुंग्या आल्या असणार, पण ते हलले नाहीत.

नोगाला न्यायला त्या दिवशी तिची मावशी आली, पहिल्यांदाच. तिने हळूच मुलीला उचललं आणि हसून विचारलं, "तुम्ही हिचे आजोबा का?"

अंकलनी माझ्याकडे पाहिलं. मग बधिर झालेला हात चोळत म्हणाले, "बुधवारचा."